मनी प्लांटने काठी धरली

मनी प्लांटची फांदी मॉस स्टिकला, म्हणजे वेल चढवायच्या काठीला, बांधून दीड महिना झाला, तरी हवेतली मुळं काठीत शिरेनात. टोकं तपकिरी, कडक. पाणी मी कुंडीत घालत होते आणि काठी मात्र कोरडी ठाक! ती नुसत्या काथ्याची होती; वरून ओतलेलं पाणी सरळ निथळून जायचं.

मग जाळीची नळी करून तिच्यात भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरलं. फांदीचं पेर, म्हणजे पान फुटतं ती गाठ, मॉसला अगदी टेकवून सुती दोऱ्याने सैलसर बांधलं. पेरच टेकायला हवं, मूळ तिथूनच फुटतं. रोज सकाळी काठीच्या माथ्यावर वाटीभर पाणी, हळूहळू.

तीन आठवड्यांनी जाळीतून पांढरंशुभ्र मूळ डोकावलं. इतकं बरं वाटलं! नवं पान तळहाताएवढं आलंय.