सेंद्रिय उसावर केवडा पडलाय? लोह आणि जस्ताची कमतरता अशी भरून काढा

खोडव्याची (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाची) कोवळी पानं पिवळी-पांढरी दिसायला लागली, म्हणजे केवडा पडला, की बरेच सेंद्रियवाले खत कमी पडलं म्हणून अजून स्लरी, अजून कोंबडी खत टाकत सुटतात. कृपया थोडं थांबा. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं, भरपूर असतं, पण सामू (pH) ८ च्या वर गेला की मुळांना ते उचलता येत नाही. वर कोंबडी खत जास्त झालं तर त्यातल्या स्फुरदामुळे (फॉस्फरसमुळे) जस्तही अडकतं.

१. आधी पान बघा, वरचं की खालचं
नवीन पानात शिरा हिरव्या आणि मधले पट्टे पिवळे, पुढे पान पांढरं, तर लोह कमी. फिकट पट्टे आणि सोबत कांड्या आखूड, तर जस्ताचा संशय घ्या. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र बघा, तिथे लोहाचा फवारा वाया जाईल.

२. माती बघा
ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका, फसफसलं की चुनखडी आहे. पण सूक्ष्म अन्नद्रव्यांचा रिपोर्ट लॅबमधूनच घ्या, लोह ४.५ पीपीएम (दहा लाखांत ४.५ भाग) आणि जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरतात.

३. एकाच सरीवर फवारून बघा
१५ लिटरच्या पंपाला आधी १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, मग ७५ ग्रॅम फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस. तो हिरवट हवा, तांबूस पडलेला घेऊ नका, त्यातलं लोह झाडाला मिळत नाही. द्रावण त्याच दिवशी संपवा आणि ऊन उतरल्यावर फवारा. आठवडाभरात त्या सरीची पानं हिरवी व्हायला लागली तर निदान बरोबर, मग सगळ्या रानात ८-१० दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारे घ्या. पार पांढरी पडलेली पानं पूर्ण सुधारतीलच असं नाही, नवीन निघणारं पान कसं येतंय ते बघत राहा.

४. जमिनीतून द्यायचं तर मुरवूनच द्या
माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं हेच लोक घाईत टाळतात. हिराकस नुसता रानात फेकला तर चुनखडी त्याला लगेच बांधून टाकते. म्हणून एकरी १० किलो फेरस सल्फेट आणि ८ किलो झिंक सल्फेट, रिपोर्टमध्ये कमी असेल तर ४ किलो मँगनीज सल्फेट आणि २ किलो बोरॅक्स, हे सगळं दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायचं, ओल ठेवून सावलीत ५-६ दिवस झाकून ठेवायचं आणि मग मुळांजवळ सरीत देऊन मातीआड करायचं. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते मुळांपर्यंत पोचतं. बोरॉन अंदाजाने कधीच टाकू नका, थोडं जास्त झालं तरी पीक भाजतं.

गंधक टाकून सामू उतरवू असं कुणी सांगितलं तर हिशोब करा. वरच्या थरात १ टक्का जरी चुनखडी असली तरी ती संपवायला एकरी जवळपास ३ टन गंधक लागेल! थोडं गंधक मुळांच्या पट्ट्यात दिलं तर तिथल्यापुरता फायदा होतो, तेवढीच अपेक्षा ठेवा.

५. पाणी कमी करा
रान सतत ओलं राहिलं की चुनखडीच्या जमिनीत केवडा वाढतो, कारण हवा कोंडून बायकार्बोनेट वाढतं आणि मूळही दमतं. वाफसा (जमीन ओलसर पण मोकळी, हवा खेळती) येऊ द्या, चर काढा, जमलं तर ठिबक करा. पाचट जाळू नका, सरीत कुजवा, आणि पुढच्या लागणीआधी ताग किंवा धैंचा हिरवळीचं खत म्हणून जमिनीत गाडा.

सर्टिफिकेशन असेल तर एक गोष्ट फवारणीच्या आधीच करा. एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) नियमात ही सल्फेटं सरसकट मोकळी नाहीत, गरज दाखवावी लागते, म्हणून मातीचा रिपोर्ट जोडून तुमच्या सर्टिफिकेशन संस्थेकडून लेखी परवानगी घ्या आणि खरेदीची बिलं फाईलला लावून ठेवा, तपासणीला ती मागतात.