उन्हाळ्यात कोंबडीचं औषध लिटरवर मोजू नका

सोलापुरात पारा 42 च्या वर गेला की कोंबडी पातळ हगू लागते. खाणं चालू, मरतूक नाही, तरी दुकानातून अँटिबायोटिकची बाटली येते आणि पिंपात ओतली जाते. उन्हात कोंबडी दुप्पट पाणी पिते, म्हणून विष्ठा पातळ होते. हा रोग नव्हे. विष्ठेत रक्त असेल, खाणं तुटलं असेल तर आजार समजा. हिरवी हगवण आणि मान वाकडी असेल तर राणीखेत या विषाणूच्या रोगाचा संशय घ्या. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, लस आधीच द्यावी लागते.

आता हिशेब बघा. दीड किलोच्या 100 कोंबड्या म्हणजे 150 किलो वजन. डॉक्टरांनी 10 टक्क्यांचं (मिलीत 100 मिलिग्रॅम) एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, तर किलोला 10 मिलिग्रॅमप्रमाणे दिवसाला 15 मिली पुरतं. लिटरला अर्धा मिली टाकलं तर थंडीतल्या 25 लिटरमधून साडेबारा मिली पोटात जातं, मे महिन्यातल्या 50 लिटरमधून 25 मिली. वर दुकानदाराचं ‘एक टोपण जास्तच टाका’. टोपण हे माप नव्हे, 10 मिलीची सिरिंज ठेवा. अंड्यावरच्या कोंबडीला एन्रोफ्लॉक्सासिन देऊच नका.

जादा औषध मूत्रपिंडावर बसतं, सल्फा गटातलं तर फारच. पांढरी, चुन्यासारखी विष्ठा दिसते; मेलेला पक्षी फाडला तर मूत्रपिंड फुगलेलं, आत खडूसारखी भुकटी. पाळणाऱ्याला वाटतं रोग वाढला, आणि डोस आणखी वाढतो. कडू पाणी कोंबडी टाळते तेही वेगळंच. या उन्हात पाणी तुटलं की दुपारी पक्षी माना टाकतात.

रक्ती हगवणीला 20 टक्क्यांची अँप्रोलियम पावडर लिटरला 0.6 ते 1.2 ग्रॅम, 3 ते 5 दिवस. पाणी जास्त पितात म्हणून उन्हात खालची मात्रा धरा. दुकानदाराने सोबत गळ्यात मारलेली बी-कॉम्प्लेक्सची बाटली तेव्हा नको; त्यातलं बी-1 या औषधाचा असर मारतं. उलट अँप्रोलियम दिवसेंदिवस जादा दिलं तर बी-1 तुटतं आणि कोंबडी मान मागे टाकून आभाळाकडे बघत बसते.

औषधाचं पाणी पहाटे, 10 वाजेपर्यंत संपेल एवढंच. पुढे साधं गार पाणी. पिंपातलं पाणी हाताला कोमट लागलं तर बदला.

बाकी कामं: पत्र्यावर पाचट, ओलं गोणपाट, गळकी भांडी दुरुस्त, ओला तूस बाहेर, खाद्य सकाळ-संध्याकाळ.

मरतूक झाली तर औषधाआधी ताजा मेलेला पक्षी पिशवीत घालून, भोवती बर्फ ठेवून सकाळीच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. दुपारपर्यंत तो कुजतो, मग आतलं काही कळत नाही.