मणक्याच्या ऑपरेशनला ट्रानेक्सा: भूल विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

आंब्याच्या हंगामात झाडावरून पडून मणका मोडलेले पेशंट आमच्याकडे हमखास येतात. रॉड-स्क्रूचं ऑपरेशन म्हणजे रक्त जाणारच. मुंबईत 'लागलं तर मागवू' म्हणून चालतं. इथे निगेटिव्ह गटाची पिशवी कधीकधी घाट उतरून यायची असते, आणि पावसात घाटाचा काय भरवसा! म्हणून रक्त जाणं कमी करणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिड, म्हणजेच ट्रानेक्सा, नीट शिकून घ्या.

जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या डॉक्टर दांपत्याचं हे संशोधन, १९६२ सालचं. औषध गुठळी बनवत नाही, बनलेली विरघळू देत नाही. गुठळी विरघळवणाऱ्या प्लास्मिनोजेनला गुठळीच्या धाग्यांवर, म्हणजे फायब्रिनवर, बसायला जागाच मिळत नाही. त्यामुळे हाडातून झिरपणारं रक्त कमी होतं. शीर तुटली असेल तर ती सर्जननेच बांधायची. आणि पालथ्या पेशंटचं पोट दाबलं गेलं असेल तर मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात, मग ट्रानेक्सा काय करणार? आधी बोल्स्टर, म्हणजे पोट मोकळं ठेवणाऱ्या अंगाखालच्या उशा, बघा.

डोस चीर देण्याआधी. रक्ताने मॉप भिजल्यावर आठवण होऊन उपयोग नाही. साधारण पद्धत अशी: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दहा-पंधरा मिनिटांत सावकाश, मग पंपावर तासाला किलोमागे १ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १५ ने ९०० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन ॲम्प्यूलला थोडं कमी. भसकन ढकललंत तर बीपी पडतं. मोठ्या स्कोलिओसिसच्या (वाकड्या मणक्याच्या) ऑपरेशनला काही ठिकाणी याहून बराच जास्त डोस देतात, पण डोस फार वाढला की झटक्यांची भीती असते. तो निर्णय सिनियरचा.

आदल्या दिवशी पेशंटशी बोलताना 'पायात गुठळी झाली होती का, झटके येतात का' हे स्पष्ट विचारा. क्रिएटिनिन बघा, औषध किडनीवाटे जातं, किडनी कमजोर असेल तर डोस कमी. बीपीची म्हणून सांगितलेली गोळी कधीकधी रक्त पातळ करणारी निघते, तेव्हा पिशवीतली पाकिटं स्वतः बघा.

सगळ्यात कडक नियम ट्रेचा. कमरेत द्यायच्या बुपिवाकेनची (बधिर करणाऱ्या औषधाची) आणि ट्रानेक्साची ॲम्प्यूल दिसायला जवळपास सारखी असू शकते. चुकून ट्रानेक्सा पाठीत गेलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते, माणूस दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबद्दल इशाराही दिला आहे. ट्रानेक्साचा डबा स्पायनलच्या ट्रॉलीपासून लांब, वेगळ्या कप्प्यात. ॲम्प्यूल फोडणाऱ्याने लेबल मोठ्याने वाचायचं, भरलेल्या सिरिंजवर लगेच नाव चिकटवायचं. सिस्टर घाईत असल्या तरी.