पडलेला एमसीबी वर करण्याआधी

आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड करून मी एका ठेकेदाराकडे कामाला लागलो. पहिल्याच आठवड्यात आमच्या मिस्त्रींनी एमसीबीबद्दल, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या ब्रेकरबद्दल, सांगितलं, "एमसीबी पडला की लगेच वर करायचा नाही. आधी घरात विचार, काय चालू होतं आणि किती वेळ?" या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो, कारण निम्मा फॉल्ट त्या उत्तरातच सापडतो.

एमसीबीच्या आत खटका सोडणारे दोन भाग असतात. एक दोन धातूंची पट्टी. करंट वाढला की ती तापते, वाकते, पण सावकाश. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर टिकतो, २३ च्या पुढे मात्र तासाच्या आत पडायलाच हवा. दुसरा भाग कॉइल. शॉर्ट झाला की ती क्षणात खटका ओढते. सी टाइपच्या एमसीबीत रेटिंगच्या ५ ते १० पट करंटला. म्हणून बटण दाबताक्षणी पडला तर शॉर्ट शोधा. २ किलोवॉटचा गिझर, तेवढीच इंडक्शन शेगडी आणि दीड हजार वॉटची किटली एकाच लाइनवर चालू असताना काही मिनिटांनी पडला, तर तो लोड आहे: बेरीज २४ अँपिअरच्या आसपास जाते. अशा वेळी १६ काढून ३२ चा एमसीबी बसवा म्हणणारे भेटतील. अजिबात बसवू नका. भिंतीतली वायर तीच राहते, आणि मग तापते ती वायर.

आरसीसीबीचं, म्हणजे करंट कुठे गळला की वीज तोडणाऱ्या ब्रेकरचं, गणित वेगळं आहे. लोक त्याला सरसकट ईएलसीबी म्हणतात. तो लोड बघत नाही. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला का, एवढंच बघतो. घरातला साधारण ३० मिलिअँपिअरचा असतो, म्हणजे तेवढा फरक पडायच्या आत तो पडतो. डोंबिवलीत एका आजींकडे भर पावसात तो रोज संध्याकाळी पडायचा. मी तोच खराब आहे असं धरून नवा बसवला. त्याच रात्री नवाही पडला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी सगळे एमसीबी खाली केले, आरसीसीबी वर केला आणि एकेक एमसीबी चढवत गेले. चौथ्याला खट्! गॅलरीतल्या दिव्याचा होल्डर उघडला, तर आत पाणी साचलेलं आणि तांब्यावर हिरवी बुरशी चढावी तसा थर. आजी संध्याकाळी तोच दिवा लावायच्या. आजींच्या नव्या आरसीसीबीचे पैसे मी परत केले.

ही पद्धत एका ठिकाणी फसू शकते. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल कुठे अर्थला टेकला असेल, तर सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडू शकतो. तेव्हा मेन बंद करून न्यूट्रल एकेक सोडवा आणि मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावा.

आता वर करण्याबद्दल. काही ब्रेकरची दांडी पडल्यावर अर्ध्यात थांबते. आधी पूर्ण खाली दाबा, मग वर. बोटाने धरून ठेवलात तरी आतला खटका सुटतोच, म्हणून जोर लावू नका. एकदा वर करून बघा. पुन्हा पडला, तर हात काढा.

आणि निघण्याआधी डीबीच्या, म्हणजे एमसीबी बसवलेल्या बॉक्सच्या, झाकणावर मार्करने लिहून ठेवा: गिझर, हॉल, किचन, गॅलरी. आजींच्या डीबीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.