कॉर्टिसॉल वाढलंय का? तपासणी लिहिताना या चुका टाळा

चेहरा गोल, पोट सुटलेलं, हातपाय मात्र काटकुळे. बीपी आणि साखर दोन्ही वाढलेली. असा पेशंट समोर बसला की कुशिंग, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त झाल्याने होणारा आजार, आठवतो आणि हात लगेच 'सकाळचं कॉर्टिसॉल' लिहितो. इथेच पहिली चूक होते. सकाळी ते निरोगी माणसाचंही वरच असतं. आजारात बिघडतं ते रात्रीचं खाली उतरणं. त्या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही.

त्याहून महागात पडतो तो न विचारलेला प्रश्न. बाहेरून जाणारं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं औषध, हेच या लक्षणांचं सर्वात मोठं कारण. पण "स्टेरॉइड घेता का?" विचारलं तर उत्तर "नाही" येतं, कारण आपण लावतो-खातो ते स्टेरॉइड आहे हेच पेशंटला ठाऊक नसतं. म्हणून विचारा: गजकर्णाला मेडिकलमधून कोणतं मलम आणलं? गोरं होण्याची क्रीम? सांधेदुखीच्या पुड्या? गुडघ्यात इंजेक्शन? सगळ्या ट्यूब आणि पुड्या पिशवीत घालून आणायला सांगा. अशा पेशंटचं स्वतःचं कॉर्टिसॉल बहुधा कमीच निघतं आणि रिपोर्ट बघून आपण निर्धास्त होतो. आणि कृपा करून ते औषध एका झटक्यात बंद करायला लावू नका. दबलेल्या अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या) लगेच कामाला लागत नाहीत. पेशंट कोसळतो, जिवावर बेततं.

हे सगळं वगळल्यावर डेक्सामेथासोन चाचणी. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडच, निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल ते दाबतं. रात्री ११ ते १२ च्या दरम्यान १ मिलिग्रॅम, सकाळी ८ ते ९ ला रक्त. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहिलं तर संशय. गोळी बऱ्याचदा ०.५ मिलिग्रॅमची मिळते, म्हणून चिठ्ठीवर नुसतं '१' लिहू नका. पेशंट एकच गोळी घेतो. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन चालू असेल तर डेक्सामेथासोन लवकर संपतं आणि आकडा खोटा वर दिसतो. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळेही आकडा खोटा वर दिसतो. रात्रपाळीवाल्यांत रात्रीच्या लाळेतल्या कॉर्टिसॉलची तपासणीही फसवते.

आकडे पक्के होण्याआधी एमआरआय नको. निरोगी माणसांतही पिट्युटरीत (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत) बारीक गाठी सापडतात, आणि नसत्या गाठीमागे घर हवालदिल होतं.

प्रत्येक लठ्ठ माणसाची तपासणी करायची गरज नाही. सहज उठणारे काळे-निळे डाग, एक सेंटिमीटरहून रुंद जांभळे पट्टे, उकिडवं बसल्यावर उठताना मांड्यांत ताकद नसणं, हे बघा. मुलांत वजन वाढतंय पण उंची थांबलीय, असं दिसलं तर वाट बघू नका.