टास्क मॅनेजर बदलताय? या चुका टाळा

विंडोजच्या टास्क मॅनेजरच्या जागी प्रोसेस एक्सप्लोरर, म्हणजे चालू प्रोग्रॅम जास्त तपशिलात दाखवणारं मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं साधन, बसवायला एक टिचकी पुरते. त्याच्या ऑप्शन्स मेनूत ‘रिप्लेस टास्क मॅनेजर’, संपलं. एवढं सोपं आहे म्हणूनच लोक घाई करतात.

सगळ्यात जास्त वेळा निस्तरलेली चूक म्हणजे प्रोसेस एक्सप्लोररची फाइल डाउनलोड्समध्येच ठेवून ही टिचकी मारणं. माझ्या भाच्याने तेच केलं. महिन्याभराने डिस्क भरली म्हणून डाउनलोड्स रिकामं केलं आणि रात्री साडेअकराला फोन : “मामा, व्हायरस आलाय. टास्कएमजीआर सापडत नाही म्हणतो. फॉरमॅट मारू?” व्हायरस कसला! मूळ टास्क मॅनेजर (टास्कएमजीआर हे त्याच्याच फाइलचं नाव) जागेवरच होता. ही टिचकी तो पुसत नाही. टास्क मॅनेजर मागितला की अमुक ठिकाणची फाइल चालव, एवढं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहून ठेवते. तिथली फाइलच याने उडवली होती. रेजएडिट हा रजिस्ट्रीचा संपादक उघडून ‘इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स’मध्ये टास्कएमजीआर.एक्सईखालची ‘डीबगर’ ही नोंद पुसायला लावली. काम दोन मिनिटांचं; बाकी अर्धा तास आजूबाजूच्या नोंदींना हात लावू नकोस हे सांगण्यात गेला.

झिपमधून थेट चालवणारेही याच माळेचे मणी. ती फाइल टेम्प फोल्डरमध्ये उलगडते, आणि टेम्प कधीतरी साफ होणारच. मी सी ड्राइव्हवर ‘टूल्स’ फोल्डर करतो, फाइल तिथे ठेवतो, आठवडाभर नुसती वापरतो, मग टिचकी. फाइल हलवायची असेल तर आधी त्याच पर्यायावर पुन्हा टिचकी मारून तो बंद करायचा.

‘सिस्टम आयडल प्रोसेस’ ९५ टक्के दिसली म्हणून घाबरू नका. तो प्रोसेसरचा रिकामा वेळ आहे.

यादीतली गुलाबी ओळ म्हणजे धोका नव्हे, सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम. रंग बघून डिलीट दाबणाऱ्यांना मी माऊसच देणार नाही. सीएसआरएसएस.एक्सई ही विंडोजची अत्यावश्यक प्रोसेस मारलीत तर थेट निळा पडदा.

व्हायरसटोटलच्या (एकच फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासणारी सेवा) रकान्यात सत्तरेक इंजिनांपैकी एकाने बोट दाखवलं तर आधी सहीचा, म्हणजे फाइल बनवणाऱ्याच्या डिजिटल सहीचा, रकाना बघा. बहुतेकदा खोटा गजर निघतो.

आणि संगणकासोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम दाखवणारा ‘स्टार्टअप’ टॅब शोधत बसू नका, इथे तो नाहीच. त्यासाठी सिसइंटर्नल्सचंच ऑटोरन्स घ्या, किंवा सेटिंग्जमध्ये ॲप्सखाली बघा.