पिसारोचा रस्ता उतरवत तैलरंग शिकताना

तैलरंग नुकतेच हातात घेतलेल्याला मी आधी प्रतिकृती करायला सांगतो, आणि चित्र सुचवतो एकोणिसाव्या शतकातल्या कामीय पिसारो या चित्रकाराचं. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्याला उघड्यावर बसून रंगवणं अवघड झालं होतं. म्हणून 1897 मध्ये त्यानं पॅरिसच्या एका हॉटेलात खोली घेतली आणि खिडकीतून दिसणारा बुलेव्हार मोंमार्त्र हा रुंद रस्ता पुन्हा पुन्हा रंगवला. सकाळी, पावसात, रात्रीसुद्धा. यातली ‘हिवाळ्यातली सकाळ’ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिची मोठी प्रतिमा त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळते.

1. चौकटी आखा. मूळ चित्र साधारण 65 × 81 सेंमी, म्हणजे जवळजवळ 4:5. तुम्ही 40 × 50 सेंमीचा कॅनव्हास घ्या. त्यावर दहा-दहा सेंमीचे वीस चौकोन पाडा, छापील प्रतिमेवरही तेवढेच.

2. रेखाटन. टर्पेंटाइननं पातळ केलेल्या निळ्यानं फक्त मोठे आकार घ्या: आकाश, दोन्हीकडच्या इमारतींच्या रांगा, रस्ता. खिडक्यांच्या मोहात पडू नका. छपरांच्या आणि रस्त्याच्या रेषा दूरवर जिथे मिळतात, तो बिंदू आधी पक्का करा. चित्रकार वरून पाहतोय, त्यामुळे माणसांची डोकी क्षितिजरेषेच्या खालीच राहतात. हे चुकलं की माणसं हवेत तरंगू लागतात.

3. रंग. पांढरा, अल्ट्रामरीन (गडद निळा), कोबाल्ट निळा, कॅडमियम पिवळा, कॅडमियम लाल, यलो ऑकर (मातकट पिवळा), विरिडियन (निळसर हिरवा). काळ्याची ट्यूब बंदच ठेवा. खरं शिक्षण इथे आहे. रस्ता राखाडी वाटतो, पण काळा-पांढरा मिसळून केलेला राखाडी तिथे लावून पाहा, सिमेंटसारखा मेला दिसेल. अल्ट्रामरीनमध्ये लाल-पिवळ्याचा नारिंगी थोडा थोडा घालत जा, मग पांढरा. निळा जास्त ठेवलात तर सावली, नारिंगी जास्त ठेवलात तर ऊन पडलेली फरशी. असे पाच-सहा राखाडी आधीच कालवून ठेवा. डोळे बारीक करून पाहा: कुठला गडद, कुठला फिका, एवढंच ठरवा.

4. पहिला थर पातळ, सगळ्या कॅनव्हासवर एकदमच. एक कोपरा पूर्ण करत बसू नका, कारण शेजारचा रंग लागेपर्यंत कुठलाच रंग बरोबर की चूक कळत नाही. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत जा. उलटं केलंत तर पुढे तडे जातात.

5. माणसं आणि बग्ग्या. चपट्या ब्रशचा एक उभा गडद फटकारा म्हणजे कोट, वर एक ठिपका म्हणजे डोकं, पायाशी आडवी निळसर रेघ म्हणजे सावली. तीन फटकाऱ्यांत माणूस चालायला लागतो! चौथा मारलात की तो थांबतो. बिघडला तर गिरवू नका, खरवडून पुन्हा मारा.

तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा. सही करताना पिसारोची सही उतरवू नका. स्वतःचं नाव घालून ‘पिसारोवरून’ असं लिहा. वॉर्निशला किमान सहा महिने थांबा.

मग त्याच रस्त्याचं रात्रीचं चित्र घ्या. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रस्ता तुमच्या ओळखीचा झालेला असेल, त्यामुळे सगळं लक्ष दिव्यांकडे देता येईल.